जंगल, कुरण आणि परत गाडीपाशी: एका लूप ट्रेकची आखणी

शहरापासून तासाभरावरच्या जंगलातून वर चढायचं, माथ्यावरचं कुरण ओलांडायचं आणि दुसऱ्या सोंडेने उतरून पुन्हा गाडीपाशी यायचं, एवढाच बेत होता. मी, माझी ताई आणि तिचा बारा वर्षांचा मुलगा. 21 सप्टेंबरच्या रविवारी तो पार पडला. तयारी मात्र ऑगस्टच्या अखेरीपासून चालू होती आणि खरं डोकं लागलं ते तिथेच. कुणाच्या तरी मागोमाग चालायची मला सवय आहे. वाट स्वतः आखायची, आणि तीही एका मुलाला बरोबर घेऊन, हे नवीन होतं. शोधायला गेलो तर "मस्त जागा आहे, नक्की जा" छापाचं भरपूर सापडलं, पण बसून आखणी कशी करायची ते कुणी सांगेना. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी लूपबद्दल. गेलो त्याच वाटेने परत यायचं असेल तर एक मोठी सोय असते. येताना सगळं ओळखीचं असतं आणि कुठूनही मागे फिरलं तरी चालतं. लूपमध्ये अर्ध्यापर्यंत मागे फिरणं परवडतं. त्यानंतर पुढे जाणंच जवळचं पडतं, मग पुढची वाट कशी का असेना. म्हणजे दिवसातला सगळ्यात अनोळखी भाग नेमका दमल्यावर वाट्याला येतो. माझा आखणीतला बहुतेक वेळ एकाच प्रश्नात गेला: मागे कुठपर्यंत फिरता येईल, आणि किती वाजेपर्यंत?

वाटेच्या माहितीत 'मध्यम' असं लिहिलं होतं. मध्यम कुणासाठी, हे अर्थातच लिहिलं नव्हतं. अमेरिकेतल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानाने यासाठी एक साधं सूत्र वापरलंय. एकूण चढ फुटांत आणि अंतर मैलांत घ्यायचं, दोन्हींचा गुणाकार करायचा, त्याची दुप्पट करायची आणि वर्गमूळ काढायचं. उत्तर 50 च्या आत आलं तर वाट सोपी, 50 ते 100 मध्यम, 100 ते 150 मध्यमपेक्षा जड, त्यापुढे कठीण. आमचा लूप 12 किलोमीटरचा आणि चढ 400 मीटर, म्हणजे साधारण साडेसात मैल आणि 1,312 फूट. उत्तर आलं 140. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे मध्यम लिहिणारा माणूस रोज धावणारा असणार." हे सूत्र काही ब्रह्मवाक्य नाही, त्यात वाटेचा खडबडीतपणा कुठेच येत नाही. पण दोन वाटांची तुलना करायला ते फार कामाचं आहे. तुम्ही आधी चाललेल्या एखाद्या वाटेचा आकडा काढून बघा, मग नव्या वाटेचा आकडा काहीतरी बोलायला लागतो.

हा 400 मीटरचा आकडाही सरळ हाती लागला नाही. तीच वाट एका अ‍ॅपवर टाकली तर चढ 380 मीटर, दुसऱ्यावर 520. अ‍ॅप वाटेवरच्या एकेका बिंदूची उंची घेतं आणि जिथे जिथे ती वाढते तिथला फरक बेरजेत टाकत जातं. मूळ माहितीत दोन-तीन मीटर इकडेतिकडे असले की सपाटीवरसुद्धा खोटा चढ साठत जातो. कोणतं अ‍ॅप हे चढउतार किती घासून गुळगुळीत करतं त्यावर बेरीज ठरते. त्यात जंगलाची एक वेगळीच गंमत आहे. पुष्कळ मोफत नकाशांमधली उंची ही फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने 11 दिवसांच्या मोहिमेत रडारने केलेल्या मोजणीतून आलेली आहे. दाट झाडीत त्या रडारच्या लहरी थेट जमिनीपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे झाडोऱ्याचीही उंची आकड्यात मिसळते. आमच्या उंचीच्या आलेखात जंगल संपून कुरण लागतं नेमक्या तिथे दहाएक मीटरची पायरी दिसत होती. मी त्या पायरीची धास्ती घेतली होती, तिथे कडा आहे की काय म्हणून. समोच्च रेषांच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या, नकाशात तिथे काहीच नव्हतं. शेवटी कागदी नकाशा घेऊन रेषा मोजल्या: दर 20 मीटरला एक, अशा 20.

अंतर मोजायला शिवणाचा दोरा वापरला. वाटेच्या प्रत्येक वळणावर बोटाने दाबत दाबत दोरा नकाशावर बसवायचा, मग सरळ करून पट्टीवर धरायचा. 1:25,000 च्या नकाशावर 4 सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. भाच्याला हे काम इतकं आवडलं की त्याने तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा थोडं वेगळं उत्तर काढलं. एक सूचना: नकाशा छापताना 'कागदात बसवा' हा पर्याय बंद करा, नाहीतर प्रमाण बदलतं आणि कळतही नाही. छापून झाल्यावर कोपऱ्यातल्या प्रमाणपट्टीवर आधी पट्टी ठेवून खात्री करायची, मगच दोरा काढायचा.

वेळेचं गणित मात्र वहीत बरंच खाडाखोड करून झालं. 1892 साली स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी दिलेला ठोकताळा अजून चालतो: सपाटीवर ताशी 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. आमच्या 12 किलोमीटरला 2 तास 24 मिनिटं, 400 मीटरला 40 मिनिटं, म्हणजे एकूण तीन तासांच्या जरा वर. यात विश्रांती नाही, फोटो नाहीत, बुटाची नाडी बांधायला थांबणं नाही, आणि चालणारा नेस्मिथसारखा तयारीचा आहे असं धरलंय. मी सरळ दीडपट केली. उतारावर वेळ वाचेल या आशेवर काही कमी केलं नाही. वॉल्डो टॉबलर या भूगोलतज्ज्ञाच्या 1993 च्या सूत्रानुसार माणूस सगळ्यात भराभर चालतो तो अगदी हलक्या उतारावर, शंभर मीटरला पाच मीटर उतरत असेल तेव्हा. उतार त्याहून तीव्र झाला की वेग पुन्हा घटतो. शिवाय वाट सोडून चालायचं असेल तर वेग 0.6 ने गुणायचा, असं त्याच सूत्रात आहे. कुरणात वाट पुसट असणार हे उपग्रहचित्रात दिसत होतंच, म्हणून तेवढ्या 1.8 किलोमीटरला मी तो हिशेब लावला.

मग दिशा. पूर्वेची सोंड उभी आणि आखूड, पश्चिमेची लांब आणि निवांत. उभी सोंड चढायला घ्यायची की उतरायला? उभा चढ धाप लावतो, पण पाय घसरत नाही. उभ्या उतारावर, त्यात पालापाचोळा ओला असेल तर, गुडघे आणि घोटे दोन्ही पणाला लागतात. ताईचा एक गुडघा जुना दुखावलेला आहे, त्यामुळे पूर्वेने चढायचं हे तिथेच पक्कं झालं. दुसरं कारण कुरणाचं. उघड्या माथ्यावर विजांचा धोका, आणि गडगडाटी पाऊस बहुतेक वेळा दुपारनंतर जमून येतो. पूर्वेने गेलो तर साडेदहा-अकराच्या सुमारास कुरण ओलांडून होत होतं. उलट फिरलो असतो तर थेट दुपारी तिथे पोचलो असतो.

परवानगीचा कागद हे वेगळं प्रकरण. पश्चिमेची सोंड संरक्षित वनक्षेत्रातून जाते, तिथे आधी नोंदणी लागते. 1 सप्टेंबरला अर्ज केला. सगळ्यांची नावं, ओळखपत्रांच्या प्रती, गाडीचा नंबर, आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ, घरी संपर्क कुणाशी करायचा त्याचा फोन, आणि मुलगा अठराच्या आतला म्हणून ताईची वेगळी सही. शुल्क नाममात्र होतं. मार्ग सांगायला अर्जात एकच ओळ होती, म्हणून मी नकाशाच्या प्रतीवर रंगीत पेनाने वाट काढून जोडली. हे करा. पुढे त्याचा उपयोग झाला.

आठवडा उलटला तरी उत्तर नाही. फोन केला तर "साहेब फिरतीवर आहेत". 12 सप्टेंबरला मेल आली: परवानगी मंजूर, मात्र कक्ष क्रमांक 14 व 15 मध्ये धोकादायक झाडं पाडण्याचं काम चालू असल्याने तिथे प्रवेश बंद. हे कक्ष, म्हणजे वनखात्याने जंगलाचे पाडलेले नंबरवार भाग, कुठे आहेत ते काही लिहिलं नव्हतं. मी पाहिलेल्या एकाही नकाशावर कक्षांचे नंबर नाहीत, ते वनखात्याच्या आपल्या नकाशावर असतात. पुन्हा फोन. पलीकडचा कारकून भला माणूस होता. म्हणाला, "नकाशा भिंतीवर आहे साहेब, येऊन बघून जा." शनिवारी कार्यालय अर्धा दिवस उघडं होतं. जाऊन भिंतीवरच्या नकाशाचा फोटो काढला. माझी जोडलेली प्रत त्यांच्या फायलीतच होती, कारकुनाने तीवरच बोट ठेवून दाखवलं: सोंडेचा मधला टप्पा बंद, पण त्याच्या खालून घळीला वळसा घालून एक गाडीवाट जाते, ती चालू आहे. वळशाने लूप 13 किलोमीटरचा झाला आणि चढ 30 मीटरने वाढला. सहज म्हणून शेनान्डोआचं सूत्र पुन्हा लावलं, आकडा 151. म्हणजे कागदोपत्री आम्ही 'कठीण'मध्ये गेलो होतो. भाचा भलताच खूश झाला.

नवी वाट नक्की झाल्यावर निर्णयाची जागा ठरवली. जंगल संपून कुरण सुरू होतं तो बिंदू. तिथपर्यंत पाच किलोमीटर आणि जवळजवळ सगळा चढ झालेला असतो, मागे फिरलं तर ओळखीची वाट आणि सगळा उतार. नियम असा केला: साडेअकरापर्यंत तिथे पोचलो नाही, किंवा कुणाचा पाय दुखत असेल, किंवा गडगडाट ऐकू आला, तर तिथूनच परत. वाद घालायचा नाही. हे घरी, पंख्याखाली बसून ठरवलेलं बरं असतं. माथ्यावर पोचल्यावर प्रत्येकालाच "आता एवढं आलोच आहोत तर" असं वाटतं. कुरणाच्या मधून खालच्या रस्त्याला जाणारी एक ढोरवाटही नकाशात होती, तीन किलोमीटरची. ती अडीअडचणीची वाट म्हणून वहीत लिहून ठेवली. तिथून उतरलो असतो तर गाडी दुसऱ्या टोकाला राहिली असती, पण ती चिंता नंतरची.

तारीख निवडताना एक गोष्ट आपोआप जुळून आली. 22 सप्टेंबरच्या आसपास दिवस आणि रात्र जवळपास सारखी असतात, मग तुम्ही पृथ्वीवर कुठेही असा. म्हणजे हाताशी बारा तास उजेड. मावळल्यावरही सूर्य क्षितिजाच्या 6 अंश खाली जाईपर्यंत उघड्यावर बऱ्यापैकी दिसतं, पण झाडीत तो उजेड पोचत नाही. तिथे सूर्यास्ताच्या आधीच अंधारून येतं. संपवायची वेळ मी दुपारी एक धरली होती, तरी तिघांच्या पाठीवर एकेक डोक्याला लावायची बॅटरी होती.

सामानाबद्दल थोडक्यात. पाणी तासाला माणशी अर्धा लिटर धरलं. नकाशात ओढ्याची निळी रेघ तुटक असेल तर तो बारमाही नसतो, त्याच्या भरवशावर राहायचं नाही. सुती कपडे टाळले, ते घामाने भिजले की वाळता वाळत नाहीत. बूट जुनेच. नवे घ्यायचा मोह झाला होता, पण नवे बूट पहिल्या दिवशी बारा-तेरा किलोमीटर चालवणं म्हणजे फोडांना आमंत्रण. मोज्यांचा जादा जोड प्रत्येकाकडे. शिट्ट्या तीन. आल्प्समधून सगळीकडे पसरलेला मदतीचा संकेत मिनिटाला सहा शिट्ट्यांचा आहे, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, आणि उत्तर देणारा मिनिटाला तीन वाजवतो. भाच्याने घरात सराव केला आणि शेजाऱ्यांनी विचारपूस केली. एकूण खर्च म्हणाल तर पेट्रोल, शुल्क, होकायंत्र आणि छपाई. बाकी घरात होतंच.

फोनवर परिसराचा नकाशा आधीच उतरवून ठेवला होता. दिवसभर फोन विमान मोडवर. जीपीएस उपग्रहांचे संकेत नुसते ऐकतं, त्याला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही, आणि नेटवर्क शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते. फोनवर आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश कुठे दिसतात आणि ते मेसेजमध्ये कसे पाठवायचे, हे घरीच एकदा करून बघा. हवामान मी शुक्रवारपासून तासवार बघत होतो. अंदाज शहराचा असतो. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे 400 मीटर वर अडीच अंशांचा फरक. तो जाणवत नाही, वारा जाणवतो. म्हणून पावसाच्या टक्क्यांइतकंच वाऱ्याच्या वेगाकडे बघावं.

घरी भाऊजींकडे कागद ठेवला: वाट, वळसा, गाडी कुठे लावणार, वनखात्याचा फोन, आणि ठळक अक्षरात "चारपर्यंत निरोप आला नाही तर आधी वनखात्याला फोन, मग 112". चार का? एकला संपायचं, दोन तास उशिराला मोकळे आणि एक तास नेटवर्क मिळेपर्यंत. फार लवकरची वेळ दिली तर उगाच घबराट होते, फार उशिराची दिली तर शोधायला उजेड उरत नाही.

साडेसातला चालायला लागलो. गेटवर वहीत नावं लिहिली, पोच दाखवली. पहिल्या अर्ध्या तासात वाटेवर आडवी कोळ्यांची जाळी तोंडाला चिकटत होती, म्हणजे आमच्या आधी कुणी गेलेलं नव्हतं. भाचा पावलं मोजत होता. मैदानावर शंभर मीटर आखून त्याने आपली दुहेरी पावलं मोजली होती, डावा पाय टेकला की एक, अशी 68. चढावर तीच 85 ते 90 भरत होती. जंगलात लांबचं काहीच दिसत नाही, खुणेला डोंगर नाही, टॉवर नाही, तेव्हा "ओढ्यापासून 600 मीटरवर फाटा" हे शोधायला पावलांसारखं साधन नाही. फोनवरचा ठिपका दाट झाडीत वाटेच्या कधी डावीकडे, कधी उजवीकडे उड्या मारत होता. फाट्यावर दगडाला लावलेला रंग इतका उडालेला की बोटाने शेवाळ खरवडल्यावर बाण दिसला. भाच्याची मोजणी तिथे 40 मीटरने चुकली होती. मला विचाराल तर हे उत्तमच.

उभ्या टप्प्यावर ताईने वेग ठरवला. बोलता बोलता चालता आलं पाहिजे, धापेने वाक्य तुटलं की हळू व्हायचं. दर तासाला दहा मिनिटं बसायचं, दम लागो न लागो. एका ठिकाणी झाड आडवं पडलं होतं, त्याला वळसा घालताना वाट सुटायची शक्यता असते, म्हणून एक जण वाटेवर उभा आणि बाकीचे पलीकडे जाऊन वाट सापडेपर्यंत हलायचं नाही, असं केलं.

जंगल संपलं तेव्हा 10 वाजून 10 मिनिटं झाली होती. वहीत 9 वाजून 50 लिहिलं होतं. आभाळ स्वच्छ, गुडघा ठीक. पुढे जायचं ठरलं.

कुरणात शिरल्याबरोबर सगळ्यात आधी मागे वळून, आम्ही ज्या फटीतून बाहेर आलो तिचा फोटो काढा. दोनशे मीटर पुढे गेल्यावर झाडीची कड सलग भिंत होते आणि परत फिरायची वेळ आली तर कुठली फट आपली ते कळत नाही. आमच्या फटीपाशी एक वाकडा वठलेला बुंधा होता, तो फोटोत घेतला.

आणि वाट खरोखरच गायब झाली. पन्नास पावलं दिसली, मग गुडघाभर गवत. गुरांच्या पायवाटा चहूकडे, एकही आमच्या दिशेची नाही. समोरच्या कडेला जंगलात शिरायची वाट पश्चिमेकडे, नकाशावर 250 अंशांवर होती. होकायंत्र धरून 250 वरच चालायचं, असं वाटेल. पण 1.8 किलोमीटर चालताना दहा अंशांचा फरक पडला तर पलीकडे तीनशे मीटर चुकतं, आणि मग झाडीच्या कडेशी उभं राहून डावीकडे जावं की उजवीकडे, हा प्रश्न. म्हणून मुद्दाम 240 धरले. आपण फटीच्या डावीकडेच निघणार हे नक्की असलं की कडेला पोचल्यावर उजवीकडे वळायचं, बस. डावी बाजू निवडली कारण उजवीकडे घळ होती. होकायंत्राची सुई आणि नकाशाची उत्तर यांतला फरक जागेप्रमाणे आणि सालाप्रमाणे बदलतो. नकाशाच्या समासात तो छापलेला असेल तर कोणत्या सालचा आहे ते पाहून घ्या.

सुई बघत बघत चालायचं नाही. त्या दिशेतलं एखादं झुडूप किंवा खडक हेरायचा, तिथपर्यंत मान वर करून जायचं, मग पुढचा. भाच्याला पुढे पाठवलं, तो थांबला की ताई सुई धरून "जरा डावीकडे, अजून" करायची. गवत दवाने चिंब होतं, पँटी मांडीपर्यंत भिजल्या, मोज्यांत कुसळं घुसून टोचायला लागली. वारा अंदाजापेक्षा जोरात होता, चालताना बरा वाटायचा आणि थांबलं की हुडहुडी. वाटेत एक फाटक लागलं, बंद होतं, आत जाऊन पुन्हा बंद केलं. फाटक उघडं सापडलं असतं तर उघडंच ठेवायचं, ज्याची गुरं त्याचा हिशेब. कडेला पोचलो, उजवीकडे वळलो, पाच-सहा मिनिटांत फट दिसली. एवढं समाधान मला माथ्यावर पोचल्याचंही झालं नव्हतं.

झाडीच्या आडोशाला बसून खाल्लं आणि मोजे बदलले. ओले मोजे तसेच ठेवले असते तर उतारावर टाचांचं काही खरं नव्हतं.

उतरताना वळशाचा फाटा सहज सापडला, बंद भागावर लाल पट्टी बांधलेली होती. यंत्र-करवतीचा आवाज काही आला नाही, रविवार होता. पट्टीच्या पलीकडे वाट अगदी स्वच्छ दिसत होती आणि आमचा किलोमीटर वाचला असता. भाच्याने विचारलंच, "मामा, कोणी नाहीये, जाऊ या का?" अर्धवट कापलेलं झाड माणूस नसतानाही पडतं, एवढं सांगितल्यावर पुढे विचारलं नाही. गाडीवाट कंटाळवाणी निघाली, खडी आणि चाकोऱ्या, ताईचा गुडघा तिथे कुरकुरला. शेवटचे दोन किलोमीटर आम्ही कुणीच फारसं बोललो नाही.

गाडीपाशी पोचलो तेव्हा 1 वाजून 40 मिनिटं. वहीतल्या वेळेपेक्षा चाळीस मिनिटं उशीर, त्यातला बराचसा गवतातला. गेटवरच्या वहीत बाहेर पडल्याची वेळ लिहायला विसरू नका, नाहीतर संध्याकाळी कुणीतरी तुम्हाला शोधायला निघतं. भाऊजींना निरोप टाकला. फोनने अंतर 14.1 किलोमीटर नोंदवलं होतं. तो जास्तीचा किलोमीटर बहुधा जंगलातल्या ठिपक्याच्या उड्यांचा, मी दोऱ्यावर विश्वास ठेवतो.

घरी आल्यावर आंघोळीआधी गोचीड तपासली: गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानामागे, केसांत. ताईच्या पोटरीवर एक सापडली, तिळाएवढी. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. तेल, चटका, पिळणं यांतलं काही करायचं नाही. जागा धुऊन तारीख लिहून ठेवली. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा चट्टा आला तर डॉक्टरांना ती तारीख सांगायची. काही आलं नाही.

त्या आठवड्यात दोन कामं उरकली. वनखात्याला मेल करून फाट्यावरच्या पुसलेल्या बाणाचा फोटो आणि जागेचे आकडे पाठवले. आणि ओपनस्ट्रीटमॅपवर, जिथे कुणालाही खातं उघडून दुरुस्ती करता येते, कुरणातल्या वाटेला 'जमिनीवर जवळपास दिसत नाही' अशी नोंद केली. तिथे ती ठसठशीत रेघ म्हणून काढलेली होती. बंद असलेले कक्ष मात्र नकाशावर टाकले नाहीत. ते काम तात्पुरतं आहे, जाण्याआधी कार्यालयाला फोन करून विचारा, आणि भिंतीवरचा नकाशा बघायला शनिवारी बाराच्या आत जा.